रांगेतला पहिला हंडा

तुम्ही हसा, माझी हरकत नाही. कुणी हे मला सांगितलं असतं तर मीपण हसले असते. आमच्या घरात भुताचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठायचे. पोरांच्या डोक्यात भीती राहू नये म्हणून त्यांनी आम्हा बहीणभावाला अमावस्येला मुद्दाम स्मशानातून चालवलंय. अशा माणसाची मी लेक. मला खोटं बोलून काय मिळणार?

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती.

मे महिना, २०१६. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. नळाला आठवड्यानं पाणी. बीड बायपासला सोसायट्या भराभर उठत होत्या, पण पाइपलाइनचा पत्ता नव्हता. सगळा कारभार टँकरवर.

तिथल्याच एका टँकर भरायच्या पॉइंटवर मी नवीन फायरवॉल बसवायला गेले होते. मी मेघा. नेटवर्कची कामं करते.

फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा वॉचमन. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, याचे नियम त्याला देऊन ठेवायचे. तो ते वरून खाली वाचतो. जो नियम वर, तो आधी.

पॉइंटवर पद्धत अशी होती, की पुण्याच्या सर्व्हरवरून कोड आला तरच व्हॉल्व्ह उघडायचा. नेट बंद, तर पाणी बंद.

काम झालं. नेट मस्त चालू. आवरताना पॉइंटवरच्या खोलीत, मशीनांच्या रॅकसमोर, एक स्टीलचा हंडा पायात येत होता. काठ एका बाजूनं चेपलेला, पण पाण्यानं गच्च भरलेला. वर एसी होता. मला वाटलं, एसीचं गळणारं पाणी धरायला ठेवलाय. आपल्याकडं तेवढंही पाणी कोण वाया घालवतं?

मी पाणी कूलरमध्ये ओतलं. हंडा दाराबाहेर नेऊन उपडा घातला.

परत आले तर...

नेट गेलेलं.

तेवढ्यात प्रणयचा फोन. प्रणय म्हणजे माझा धाकटा भाऊ. वहिनीला सकाळीच जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं होतं.

"मेघाताई, बाळ आडवं आहे गं. सिझर करायचंय आणि दवाखान्याच्या टाकीत थेंब नाही. दुसरीकडं हलवायला आता वेळ नाही म्हणतात. टँकर तुझ्याच पॉइंटवरून येणार आहे. निघाला का?"

खिडकीतून बघितलं. तो टँकर व्हॉल्व्हखाली रिकामा उभा होता.

"निघतोच आहे," म्हणाले.

मग एकेक तपासत गेले. बाहेरून येणारी लाइन, चालू. फायरवॉलवरून बाहेर पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, उत्तर येतंय. कॉम्प्युटरवरून फायरवॉलला पिंग, तेही ठीक. कॉम्प्युटरवरून थेट बाहेर...

काहीच नाही.

म्हणजे मधला वॉचमनच अडवत होता. माझा लॅपटॉप थेट फायरवॉलला जोडून नियम बघितले. सगळे माझेच, सगळे बरोबर. मग लॉग उघडला, तिथं कोण आलं कोण गेलं ते दिसतं. खोलीतलं प्रत्येक मशीन अडवलं जात होतं.

एक सोडून.

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा पत्ता असतो; त्यातला शेवटी सतरा असलेला एक पत्ता आरामात बाहेर जात होता. त्या खोलीत मशीनं पाच. सतरा नंबर मी कुणालाच दिला नव्हता.

स्विचमधून, म्हणजे सगळ्या मशीनांच्या वायरी जिथं जोडतात त्या डब्यातून, एकेक वायर उपसली. पाचही मशीनं तुटली.

सतरा चालूच.

स्विचवर एक हिरवा दिवा लुकलुकत होता... वायर नसलेल्या भोकावर.

"काय कटकट आहे यार!" मी मोठ्यानं ओरडले. भीती वाटली की मी चिडते. सतराला अडवायचा नियम केला आणि सगळ्यात वर टाकला. सेव्ह केलं. पान परत उघडलं तर माझा नियम दुसरा. पहिल्या जागी सतराला सोडायचा नियम. मी पुन्हा वर ओढला. पुन्हा खाली.

रांगेत कुणीतरी शांतपणे माझ्या पुढं येऊन उभं राहत होतं.

मग ऐकू आलं.

टप...

टप...

हंड्याच्या जागेवरून आवाज येत होता. फरशी कोरडी. वर बघितलं तर एसीचा प्लगच काढलेला, त्यावर कोळ्याचं जाळं. हा एसी कित्येक महिने चालला नव्हता.

मग हंड्यात पाणी कुठलं होतं?

कूलरकडं पळाले. आताच ओतलेलं पाणी... टाकीत ओलसुद्धा नव्हती.

तेवढ्यात भाकर खाऊन सांडूमामा आले. व्हॉल्व्हवरचे जुने माणूस. आत पाऊल टाकलं आणि थबकले.

"हंडा कुठंय, पोरी?"

"बाहेर ठेवलाय."

"आरं देवा! कशापायी हलवला?" मामांनी दाराबाहेर बघितलं. "द्वारकाबाईचा हाय त्यो. ही खोली नव्हती तवा इथंच टँकरची रांग लागायची. म्हातारी अंधारात येऊन पहिला नंबर लावायची. एका दांडग्यानं लाथ मारून हंडा मागं फेकला आन् सोताचा पुढं लावला. म्हातारी उन्हात तशीच उभी ऱ्हायली. पाण्याचा थेंब तोंडात पडला नाय बघ. इथंच गेली."

"मग?"

"मंग काय! रोज पहिलं पाणी तिचं, मंग बाकीच्यायचं. हंडा हलला की व्हॉल्व्ह उघडत नाय."

रांगेतला दुसऱ्याचा हंडा हलवायचा नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मी सगळं लहानपण रांगेत काढलंय. अन् मीच हलवला.

पुन्हा प्रणयचा फोन. तो रडत होता.

मी हंडा आत आणला, जागेवर ठेवला. व्हॉल्व्ह बंद, त्यामुळं पॉइंटवर थेंब नव्हता. माझ्या बाटलीत अर्धं पाणी होतं, तेच ओतलं. बाबांची लेक मी, पण हात जोडले. "मावशी, पहिला नंबर तुमचाच. चुकलं माझं. माझ्या वहिनीला तेवढं पाणी जाऊ द्या."

टपटप थांबली.

बाहेर व्हॉल्व्ह धडाडून उघडला.

मी स्विचकडं बघितलं. पाचही वायरी अजून जमिनीवर पडलेल्या होत्या.

वहिनी वाचली. पोरगी झाली, चारुता. घरी मी यातलं अवाक्षर काढलं नाही. सांडूमामा त्याच वर्षी गेले. पॉइंटच्या जागी आता फर्निचरचं शोरूम आहे.

इथं संपलं असतं तर मी लिहीत बसले नसते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा होता. चारू आता दुसरीत आहे. तिनं हौसेनं आमची कळशी रांगेत लावली. बघते तर कळशीच्या पुढं एक स्टीलचा हंडा.

"हा कुणाचा गं?"

"आजीचा. तिचा पहिला नंबर असतो ना."

"कोणती आजी?"

"असं काय करतेस आत्या? मी जन्मायच्या वेळी जिनं पाणी सोडलं, ती."

मागून माझी आई ओरडली, "अगं, सरकव की तो हंडा, टँकर आला!"

मी वाकून बघितलं. काठ एका बाजूनं चेपलेला होता. टँकर अजून कोपऱ्यावर वळत होता, आणि हंडा गळ्यापर्यंत भरलेला होता.

मी हात लावला नाही.