स्टोअररूमकडे नेणारा बाण

"लोकांची वाट चुकवायचा पगार वेगळा मिळतो का हो इथे?"

कागदांचा गठ्ठा छातीशी धरून ती स्टोअररूममधून बाहेर येत होती. समोर एक उंचसा तरुण, काखेत काळी फाईल, नजर पाटीवर. पाटीवर लिहिलं होतं 'मुलाखतीची खोली', खाली ठसठशीत बाण, आणि बाणाच्या पुढे स्टोअररूमशेजारची कोरी भिंत.

"बाण नकाशाप्रमाणे बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग भिंत चुकली असेल." तो अगदी गंभीर होता. "हा ज्यानं लावला, तो या वाटेनं एकदाही चालला नसणार."

तिचे कान तापून लाल झाले. बाण तिनेच लावला होता. खुर्चीत बसून, नकाशा पुढ्यात घेऊन. रेघ केसभर हललेली चालत नाही म्हणून ऑफिसात तिला 'फूटपट्टी' म्हणत. तिनं डावीकडे बोट दाखवलं. तो हसला, आणि जाता जाता तिच्या गठ्ठ्यातून निसटू पाहणारा कागद एका बोटानं हळूच आत सारून गेला. एवढंच. पण…

थोड्या वेळानं ती परीक्षकाच्या खुर्चीत बसली आणि दारातून तोच आत आला.

"म्हणजे मघाशी मी तुम्हालाच…"

"बसा," ती म्हणाली.

शेजारी विभागप्रमुख होत्या, साऱ्या ऑफिसच्या ताई. डिझायनरची जागा एकच होती, आणि आलेल्या फायलींत एक घोळ होता. इस्पितळातल्या पाट्यांचं एकच काम दोघांनी आपापल्या फायलीत आपलं म्हणून लावलं होतं: यानं, आणि सकाळी मुलाखत देऊन गेलेल्या एका बाईंनी. ताईंनी आधीच बजावलं होतं, "दोघांपैकी एक जण दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवतंय. तू विचार."

त्यातलं एक पान तिला फार आवडलं होतं. छताचा फोटो. स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाला भिंती दिसत नाहीत, छत दिसतं. म्हणून छतावरच मोठी अक्षरं – 'आता एक्स-रे. दुखणार नाही.'

"ही कल्पना कुणाची?" तिनं आवाज कोरडा ठेवला. 'माझी' म्हण, असं तिचं मन म्हणत होतं. आणि तो खोटं 'माझी' म्हणाला तर… तेही तिला सोसवलं नसतं.

तो पानाकडे बघत राहिला. जिथे हे काम झालं ती कंपनी बंद पडली होती. तेव्हापासून त्याच्या हाताला काम नव्हतं.

"माझी नाही," तो म्हणाला. "सकाळी ज्या आल्या होत्या, त्यांची. आम्ही एकत्र होतो."

"मग तुम्ही काय केलंत?" ताईंनी विचारलं.

"मी स्ट्रेचरवर झोपलो. वॉर्डबॉयला म्हटलं, फिरव बाबा मला. तेव्हा कळलं, सगळी अक्षरं उलटी लागली होती. मग शिडीवर चढून पुन्हा लावली. तेवढं माझं."

ताईंना हसू आवरेना. तिला मात्र ती कोरी भिंत आठवली.

गुण द्यायची वेळ आली तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. "ताई, याला मी गुण देत नाही."

"का गं? खोटं वाटलं?"

"खरं वाटलं. जरा जास्तच. माझी फूटपट्टी आज वाकतेय."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं बाई! मला वाटलं पोलादी आहे."

जागा त्या बाईंना मिळाली. मिळायलाच हवी होती. तरी त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो फाईल न्यायला आला, ठरल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा.

"वाईट वाटलं असेल…"

"वाटलं थोडं. आता अजून चार दारं वाजवायची."

ती फाईलचा बंद उगाच सारखा करत राहिली. "त्या बाई… तुमच्या कोण?"

"हे परीक्षक विचारतायत?"

"परीक्षा संपली."

त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "वहिनी. थोरल्या भावाची बायको. तेव्हा सांगितलं असतं तर म्हणाला असतात, घरच्या माणसासाठी वशिला लावतोय."

तिनं सुटकेचा श्वास टाकला तो त्यालाही ऐकू गेला. मग ती घाईघाईनं म्हणाली, "तो बाण मीच लावला होता."

"माहीत आहे. तुमच्या कानांनी सांगितलं."

"बदललाय आता. दारापासून स्वतः चालून पाहिलं."

"पाहिला ना. सरळ इथे आणतो."

"मग उशीर का झाला?"

त्यानं मान खाली घातली. "आधी… स्टोअररूमपाशी जाऊन उभा होतो. म्हटलं, गेल्या वेळी तिथेच भेटला होतात."

तिनं फाईल पुढे केली, त्यानं धरली. फाईल आता दोघांच्या हातांत होती, आणि सोडत कुणीच नव्हतं.

"मीही जाऊन आले," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून दोनदा. कागद संपले नव्हते तरी…"