जप्त झालेलं सफरचंद

"पिशवीला हात लावायचा नाही! मावशीनं ती माझ्याकडे दिलीय!" भिंगरी ओरडली.

"अगं, मी नुसती धरतो म्हणालो," वकील म्हणाला. "तुझा खांदा दुखतोय, हे तू मघाशी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस. साक्षीला पोटोबा आहे!"

"मला भूक लागलीय," साक्षीदार म्हणाला.

पार्कच्या फाटकासमोर रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आतून झुल्यांवरच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या आणि भिंगरीचे पाय जागच्या जागी नाचत होते. बारा वर्षांत ही मुलगी एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून तर ती भिंगरी! वकील तिचा आतेभाऊ. त्याच्या घराण्यात कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं, पण वाद घातल्याशिवाय त्याला घास जात नसे. आणि पोटोबा हा भिंगरीचा धाकटा भाऊ. त्याचं नाव पोटोबा का, हे त्याच्याबरोबर एकदा जेवलात की कळेल.

एरवी सुट्टीतली मजा म्हणून ही मंडळी पार्कात आली असती. पण आज काम होतं! भिंगरीची धाकटी मावशी जादूगार होती. दुपारी तीन वाजता पार्कच्या छोट्या नाट्यगृहात, खुद्द मॅनेजरबाईंसमोर तिची परीक्षा होती. पास झाली तर रोज तिचा खेळ. नापास झाली, तर सोमवारपासून मुकाट्यानं मामाच्या ऑफिसात टेबलाला चिकटायचं. घरात तसं ठरलंच होतं.

मावशी सकाळीच कलाकारांच्या दारानं आत गेली होती. तिच्या दोन्ही हातांत खेळाची मोठी पेटी होती, म्हणून जाताना तिनं जादूची पिशवी भिंगरीच्या गळ्यात अडकवली होती. "जपून आण हं. बाकी काही हरवलं तरी चालेल, पण तो डबा म्हणजे माझा जीव की प्राण!"

डब्यात स्पंजचा केक होता, लाकडी अंडी होती आणि एक मेणाचं सफरचंद होतं. इतकं हुबेहूब, की पोटोबानं दोनदा चाटून पाहिलं होतं. त्या सफरचंदात एक गुपित होतं. ते फक्त मावशीला आणि भिंगरीला ठाऊक होतं, आणि ते कुणालाही सांगायचं नाही अशी भिंगरीनं शपथ घेतली होती.

मुलांना सांभाळायला बरोबर आलेला मामा एक वर्तमानपत्र घेऊन केव्हाच आत सटकला होता. मुलं तपासणीच्या टेबलाशी आली. टेबलामागच्या रखवालदाराच्या हातात एक लाकडी काठी होती. पिशवीत हात घालायचा नाही, काठीनंच ढवळायचं, असा तिथला नियम होता.

काठीला काहीतरी चकचकीत लागलं. "हे काय?"

"करवत," भिंगरी म्हणाली.

"खायची आहे का?"

"करवत कोण खातं, काका?"

"मग पुढे! आणि हे?"

"बेड्या. खऱ्या लोखंडाच्या!"

"असू देत, असू देत. खायचं काही आहे का, ते सांगा. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. आहा! डबा! उघडा बघू."

भिंगरीनं डबा उघडला. रखवालदाराचे डोळे लकाकले. त्यानं काठीचं टोक केकवर हळूच दाबलं. केक दबला आणि पुन्हा फुगला.

"ताजा आहे!" तो म्हणाला. "जप्त!"

"अहो, तो खोटा आहे! स्पंजचा! सफरचंदही खोटंच आहे!"

"सगळे असंच म्हणतात. काल एक आजोबा म्हणाले, हा केक म्हणजे माझं औषध आहे."

"हात लावून तरी बघा!" वकील पुढे झाला.

"हात लावायचा नाही. नियम आहे!"

पोटोबाच्या दप्तरातून आजीनं दिलेला बिस्किटांचा डबाही निघाला. पोटोबानं असा काही गळा काढला की रांगेतली माणसं वाकून बघू लागली. तेवढ्यात फुर्रर्र करून शिट्टी वाजली आणि गर्दीतून साहेब आले. पुढे पोट, त्यावर शिट्टी आणि मागून साहेब! मुलांनी त्यांचं बारसं तिथल्या तिथे उरकलं. शिट्टीसाहेब!

"साहेब, ते सफरचंद मेणाचं आहे हो! माझ्या मावशीचं आहे!" भिंगरी काकुळतीला आली.

"खोटं सफरचंद? उद्या म्हणशील, खोटी भूक! जप्त म्हणजे जप्त. इथे जप्त झालेलं सगळं थेट कचऱ्यात जातं. चला, रांग अडवू नका!" फुर्रर्र!

आणि मुलं आत ढकलली गेली. करवत आत आली, बेड्या आत आल्या, आणि सफरचंद बाहेर राहिलं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

मामा एका बाकावर सापडला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जांभई दिली. "नियम म्हणजे नियम, बाळांनो. म्हणून तर मी तिला सांगतो, ऑफिसात ये. तिथे कुणी कुणाचं सफरचंद जप्त करत नाही." मग त्यानं वर्तमानपत्र तोंडावर ओढलं.

भिंगरीचे पाय पहिल्यांदाच थांबले. ती कठड्यावर बसली आणि तिला रडूच फुटलं. मावशीनं विश्वासानं दिलं होतं! वकिलालाही पिशवी धरू दिली नाही, आणि स्वतः मात्र फाटकातच घालवून बसले! आता मावशीला कुठल्या तोंडानं सांगायचं? आत्ता सांगितलं तर तिचे हात थरथरतील, मग बाकीचे खेळही फसतील.

"रडून काही होत नाही," वकील म्हणाला. "चल, कचरापेटीतून काढू. धुऊन घेऊ."

भिंगरीनं डोळे पुसले. आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"वकील, तू टेबलाखाली पाहिलंस? दोन खोकी होती. एकात गोड, एकात तिखट."

"मग?"

"मग काय! कचऱ्यात टाकायचं तर निवडून कशाला ठेवतात? आणि आपला केक त्यानं कसा ठेवला आठवतंय? अलगद, उभा, चुरगळू नये म्हणून! कचऱ्याला कुणी इतकं जपतं का?"

वकिलानं टाळी वाजवली. "पाणी कुठेतरी मुरतंय!"

तिघं पार्कच्या मागच्या बाजूला धावले. तिथे एक काकू मोठ्या कचरापेट्या ओढत होत्या. "फाटकावरचं खाणं?" त्या हसल्या. "नाही रे बाबांनो. माझ्या पेटीत कागदाचे पेले येतात आणि आइस्क्रीमच्या काड्या. फाटकावरून कधी बिस्किटाचा चुराही आला नाही."

"सिद्ध झालं!" वकील म्हणाला.

"अजून नाही," भिंगरी म्हणाली. तिचे पाय पुन्हा नाचू लागले होते. "आता खोक्यांच्या मागे जायचं."

दुपारी फाटकावरची गर्दी ओसरली, तशी रखवालदारानं दोन्ही खोकी एका ढकलगाडीवर ठेवली आणि वर चादर टाकली. कचरापेट्या डावीकडे होत्या. गाडी वळली उजवीकडे! झाडांच्या आडून तिघं मागोमाग निघाले. गाडी एका बसक्या खोलीशी थांबली. दारावर पाटी होती: 'सुरक्षा विभाग. आत येण्यास सक्त मनाई.'

खोलीला मागून खिडकी होती. पोटोबा वकिलाच्या खांद्यावर चढला आणि काचेला नाक लावून बसला.

"अरे, काय दिसतंय?"

"स्वर्ग," पोटोबा म्हणाला.

टेबलावर पांढरी चादर, चादरीवर बशा आणि बशांत अख्ख्या पार्काचे डबे! मधोमध गळ्यात रुमाल बांधलेले शिट्टीसाहेब. त्यांच्यासमोर मावशीचं लालबुंद सफरचंद दिमाखात ठेवलेलं होतं.

"सफरचंदाला हात लावू नकोस हं," साहेब रखवालदाराला बजावत होते. "ते मी शेवटी खाणार. सावकाश."

भिंगरीनं दोघांना खाली ओढलं. "आत्ता दार ठोठावलं तर सगळं चादरीखाली जाईल आणि साहेब म्हणतील, कचऱ्यात गेलं. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? मॅनेजरबाईंनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे." ती एकदम थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "पोटोबा! तुला आत जाऊन खायचंय. आम्ही येईपर्यंत खात राहायचं, आणि सफरचंद सगळ्यात शेवटी राहील असं बघायचं. जमेल?"

"ताई," पोटोबा गंभीरपणे म्हणाला, "मी याच दिवसासाठी जन्मलोय."

त्यानं सरळ दार ढकललं. "ही आमच्या आजीची बिस्किटं!" तो म्हणाला. "मला पण द्या, म्हणजे मी कुणाला सांगणार नाही. अळीमिळी गुपचिळी!"

शिट्टीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते परत आलं. त्यांनी घाईघाईनं एक खुर्ची पुढे सरकवली.

नाट्यगृहाच्या पडद्यामागे मावशी काळा कोट घालून तयार होती. भिंगरीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. सफरचंद गेलं, चूक माझी, रागाव, पण आधी ऐक! मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती एका पेटीवर मटकन बसली. पण भिंगरीनं कानात बेत सांगितला, आणि मावशीच्या डोळ्यांत चमक आली.

"असा खेळ आजवर कुणी केला नसेल," ती हळूच म्हणाली.

"जमेल?"

"नाही जमला, तर मामाचं ऑफिस आहेच की!" मावशी उठली आणि तिनं कोट झटकला.

तीन वाजले. पहिल्या रांगेत चष्मेवाल्या मॅनेजरबाई हाताची घडी घालून बसल्या. मामाही डोळे चोळत आला. बेड्या खळ्ळकन सुटल्या. करवतीनं पेटीचे दोन तुकडे झाले, आणि आतला वकील अखंड बाहेर आला. मॅनेजरबाईंची घडी सुटली.

"बाई, तुमची अंगठी देता का जरा?" मावशीनं अंगठी मुठीत धरली, फुंकर मारली आणि मूठ उघडली. अंगठी गायब!

"कुठे गेली?" मॅनेजरबाई पुढे सरसावल्या.

"ते माझी मदतनीस सांगेल."

भिंगरी मंचावर आली. "तुमची अंगठी एका सफरचंदात आहे!" ती म्हणाली. "आणि सफरचंद... माझ्यामागून या!"

निघाली वरात! पुढे करवत-बेड्यांची पिशवी गळ्यात अडकवलेली भिंगरी, मागे मावशी, मॅनेजरबाई, वकील, शेवटी मामा. 'सक्त मनाई'च्या दारापाशी भिंगरी थबकली. आतून पोटोबाचा आवाज येत होता. "आणखी एक बिस्कीट घ्या ना, साहेब! सफरचंद कुठे पळून जातंय?"

"नको रे बाबा, आता पुरे. हा केकही कसला चिवट! चावतो आहे, चावतो आहे, संपतच नाही. आण ते सफरचंद!"

मॅनेजरबाईंनी दार उघडलं.

त्याच क्षणी शिट्टीसाहेबांनी आ करून सफरचंदाचा लचका तोडायला दात रोवले. लचका कसला तुटतोय! दात मेणात रुतून बसले. साहेबांचे डोळे आधी सफरचंदावर गेले, मग दाराकडे, आणि मग ते बाहेरच यायचे बाकी राहिले.

"म्म्म! म्म्म्म!"

"थांबा हं, साहेब," मावशी अदबीनं म्हणाली आणि तिनं सफरचंद खेचून सोडवलं. दोन्ही हातांत फिरवलं. हलकी फुंकर मारली. सफरचंद मधोमध उघडलं, आणि आत मॅनेजरबाईंची अंगठी!

कशी आली? भिंगरीला ठाऊक आहे. विचारून बघा, ती सांगायची नाही.

मॅनेजरबाई अंगठीकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर टेबलावरून फिरली. "आणि हे काय चाललंय? जप्त केलेलं सगळं कचऱ्यात जातं, असं तुम्ही मला दर महिन्याला सांगता!"

"मी... ते... आधी तपासतो, मॅडम," शिट्टीसाहेब पुटपुटले.

"चावून?" वकिलानं विचारलं.

"आणि हा मुलगा कोण?"

"मी साक्षीदार!" पोटोबा तोंड पुसत म्हणाला. "सगळं पाहिलं. थोडं खाल्लंही."

मग भिंगरीनं पिशवीतून करवत आणि बेड्या काढून टेबलावर ठेवल्या. "बाई, ह्या वस्तू फाटकावर कुणी अडवल्या नाहीत. आजीची बिस्किटं मात्र अडवली."

मॅनेजरबाईंना हसावं की रागवावं हेच कळेना. शेवटी दोन्ही झालं. शिट्टीसाहेबांची शिट्टी काढून घेण्यात आली. आता त्यांनीच टेबलाशी उभं राहायचं, प्रत्येकाचा डबा फळीवर ठेवून बिल्ला द्यायचा आणि संध्याकाळी हसतमुखानं परत करायचा. "आणि पिशव्यांत करवती शोधायच्या, केक नाही!" बाईंनी ठणकावलं. मावशीकडे वळल्या तेव्हा मात्र त्यांचा आवाज मऊ झाला. "उद्यापासून रोज तीन वाजता. जमेल ना?"

मावशीनं जोरजोरात होकाराची मान हलवली.

मामानं घसा खाकरला. "सोमवारसाठी ऑफिसात हिची खुर्ची रिकामी ठेवली होती," तो म्हणाला. "राहू दे रिकामी! आणि ही भिंगरी! मी झोपा काढत होतो, आणि हिनं साहेबाच्या तोंडातून सफरचंद काढलं. शाबास ग पोरी!"

परतताना भिंगरीनं सफरचंद उन्हात धरलं. लाल मेणात दातांची अख्खी रांग उमटली होती. "मावशी, हे बुजवावं लागेल ना?" ती चाचरत म्हणाली.

"वेडी की काय? आता तर कुणाला शंकाही यायची नाही. माणसानं चावलेलं सफरचंद खोटं कसं असेल?" मावशीनं सफरचंद डब्यात ठेवलं, डबा पिशवीत घातला आणि पिशवी सकाळसारखीच भिंगरीच्या गळ्यात अडकवली.

"उद्याही तूच आणायची," ती म्हणाली.

भिंगरीनं पट्टा घट्ट धरला. खांदा दुखत होता, पण तसं तिनं वकिलाला मुळीच कळू दिलं नाही.