देवाच्या फळीवरचा कागद

सोमवारी सकाळी सहा चाळीसला फुमिए इगाराशीने घराला लागून असलेल्या दुरुस्तीच्या दुकानाचं आतलं दार उघडलं. तिचा नवरा इगाराशी जुन्या ट्रॅक्टरखाली मेलेला होता. छतावरच्या क्रेनची साखळी सैल लोंबत होती. आधाराचे लोखंडी स्टँड भिंतीशी ओळीने उभे होते.

स्टँड न लावता खाली शिरला, स्वतःचाच निष्काळजीपणा, असं पोलिसांनी लिहिलं.

आठवड्याने फुमिए ओबिहिरो शहरात खाजगी तपास करणाऱ्या हायासाका या बाईच्या कचेरीत आली. निष्काळजी माणसाच्या दुकानात तोकाची भागातला कोणताही शेतकरी आपलं यंत्र टाकणार नव्हता, आणि दुकानाशिवाय तिच्याकडे काही नव्हतं.

"टायर बदलतानाही स्टँड लावायचा तो," ती म्हणाली. "लोक हसायचे त्याला."

बचाव पथकाने पोहोचताच काढलेले फोटो तिने आणले होते. एकात ट्रॅक्टरच्या वर, कोपऱ्यात, देवघरासारखी देवाची फळी दिसत होती. समोरून पांढरा कागद चिकटवलेला. हायासाकाची नजर तिथेच थांबली.

"सुतकाचा कागद," हायासाकाचा सहायक मोनमा म्हणाला. "त्यात काय बघताय, बाई? घरात माणूस गेला की देव झाकतातच."

कागद कोणी लावला, हे फुमिएला ठाऊक नव्हतं. तिने दारातूनच फोन केला होता आणि पथक येईपर्यंत ती तिथून हललीही नव्हती. सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही, म्हणून घरातली फळी शेजारणीने दुपारी झाकली होती. दुकानातलीही तिनेच झाकली असणार, असं फुमिएने धरलं होतं. शेजारणीला विचारलं, तर तिने दुकानात पाऊलही टाकलं नव्हतं.

रस्त्याकडच्या दाराच्या चाव्या नवऱ्याखेरीज दोघांकडे होत्या.

पहिला, मृताचा धाकटा भाऊ तेत्सुजी. क्रेनच्या कर्जाला तो जामीन होता.

"क्रेन घेतलीस तर तिला राबव, म्हटलं दादाला. जुने ट्रॅक्टर आण, रंग मार, विक. तर हा एकेक बोल्ट काढून बघत बसणार." रविवारी रात्री तो घरी झोपला होता, एकटाच.

दुसरा, भागीदार नुमाता. लिलावात जुने ट्रॅक्टर तो घ्यायचा, इगाराशी दुरुस्त करायचा. हा ट्रॅक्टर रविवारी संध्याकाळीच आला होता. उत्तम माल, गिऱ्हाईकही ठरलेलं, असं त्याने सांगितलं. बातमी त्याला सोमवारी दुपारी कळली म्हणे.

हायासाका दुकानात गेली आणि पथकाने ठोकळ्यांवर ठेवलेल्या ट्रॅक्टरखाली आडवी झाली. गिअरबॉक्सच्या कवचाला तडा होता आणि तड्याभोवती खडूचं वर्तुळ. जे विकायचं नाही त्याला नवरा खडू लावायचा, असं फुमिए म्हणाली. मग हायासाकाने भिंतीशी उभ्या स्टँडच्या माथ्यांवरून बोट फिरवलं. बाकी दुकान लख्ख होतं. माथ्यांवर मात्र शेतातली काळी माती होती, ट्रॅक्टरच्या पोटाला होती तशीच.

तिने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"फोटो काढला तेव्हा इथे माणूस मेलाय हे फक्त फुमिएबाईंना आणि पथकाला माहीत होतं. कागद मात्र आधीच लागलेला होता. म्हणजे कोणाला तरी त्यांच्याही आधी कळलं होतं."

"मग तेत्सुजी असेल की," मोनमा म्हणाला.

"सख्खा भाऊ, त्यालाही सुतक. फुमिएबाईंनाही. घरच्यांनी काहीही केलं असतं, फळीला हात लावला नसता. चावी असलेला परका माणूस एकच आहे."

तेत्सुजीने नुमाताकडे पाहिलं. नुमाताने फळीकडे.

"फळी उघडी बघवेना," तो म्हणाला. "हात आपोआप गेला. पण वहिनी, मी आलो तेव्हा तो गेलेला होता. घाबरलो, निघून गेलो."

"ट्रॅक्टर या स्टँडवर बसला होता," हायासाका म्हणाली. "माती बघा. कोणीतरी क्रेनने तो उचलला, स्टँड काढले आणि मग सोडला. हा विकणार नाही, असं इगाराशी तुम्हाला म्हणाले होते ना?"

"म्हणाला होता. स्टँड त्यानेच काढले असतील."

"काढून पुन्हा खाली शिरले?"



फुमिए पुढे आली. "तुम्ही कागद लावत होतात," तिने विचारलं, "तेव्हा श्वास चालू होता का त्याचा?"

"बघितलं नाही, वहिनी."

पोलिसांनी नुमाताचा जबाब पुन्हा घेतला आणि त्याला घरी जाऊ दिलं. मृत्यूचं कारण बदलावं असा फुमिएचा अर्ज पोहोचल्याची पावती आली आहे, उत्तर नाही. गुरुवारी तिने एक कारागीर ठेवून दुकान उघडलं. संध्याकाळपर्यंत दुरुस्तीला एकही यंत्र आलं नव्हतं.