पाचवा ठिपका

जुन्या चेन सॉचा पार्ट शोधणं म्हणजे बंद झालेल्या कंपनीला पत्र लिहिण्यासारखं आहे. उत्तर येत नाही, आलंच तर ते कुणीतरी दुसऱ्यानंच दिलेलं असतं. माझं वर्कशॉप या असल्या मशीनवरच चालतं. झाडं तोडणारे लोक नवी मशीन घेतात, वर्षभर शिव्या घालतात आणि मग माळ्यावरचं जुनं मशीन काढून माझ्याकडे आणतात.

दादाचं तसं नव्हतं, त्यानं नवं मशीन घेतलंच नाही. बाबांचं होतं तेच तो वापरायचा. मॅग्नेशियमचं अंग, लोखंडी हट्ट आणि चेन-ब्रेक नावाची वस्तूच नाही. साखळी फांदीत अडकून उसळली, तर ती आणि तोंड यांच्यामध्ये फक्त दादाचे दोन हात. मी दरवेळी बोलायची. तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या मशीनला जास्त अक्कल आहे."

बाबांनी मला एक सवय लावली होती. मशीन उघडलं, काम झालं, की झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूला पंचानं एक ठिपका मारायचा. किती वेळा उघडलं ते कळतं आणि मध्येच कुणी हात घातला असेल तर तेही कळतं. दादाच्या मशीनच्या स्टार्टर झाकणात तीन ठिपके होते. दोन बाबांचे, एक माझा. माझा जरा तिरका होता, कारण त्या दिवशी पंच सटकला होता.

तो तिसरा ठिपका मारला तेव्हा मी दोरी मागे ओढणारी स्प्रिंग बदलली होती. ती मला एका पार्टवाल्याकडून मिळाली. त्याचा नंबर भंगारवाल्यानं दिला होता. जुनी मशीन खोलून सुटे भाग विकणारा माणूस, आवाज थंड, बोलणं कमी. मॉडेल सांगितलं की तपकिरी कागदात पार्सल यायचं.

स्प्रिंग बसली ती पहिल्याच झटक्यात. जुना पार्ट दुसऱ्या मशीनमध्ये कधीच असा बसत नाही. झिजलेली कड दुसऱ्या खाचेत कुरकुरते, कानस फिरवावी लागते. ही आपल्याच घरी आल्यासारखी बसली. तेव्हा मला आनंद झाला होता, हे कबूल करते.

या वेळी दोरीची कप्पी फुटली. पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "त्याच मशीनची आहे माझ्याकडे. सोबत झाकणही पाठवतो, तुमच्याच कामाचं आहे."

पार्सल सकाळी आलं. वरच्या पुडीत कप्पी होती. ती बसवली, पुन्हा पहिल्याच झटक्यात. झाकण हातात घेऊन चौथा ठिपका मारला आणि मग सहज म्हणून खालची पुडी सोडली.

त्यातल्या झाकणाच्या आत पाच ठिपके होते.

पंच मारणारा मेकॅनिक जगात मी एकटीच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग दोन्ही झाकणं शेजारी ठेवली. पहिले दोन ठिपके स्क्रूच्या भोकाला वळसा घालून, तिसरा तिरका. चौथा माझ्या झाकणात आत्ताच मारलेला, चकचकीत. त्या झाकणात तो त्याच जागी होता, पण तेल आणि भुशानं काळा पडलेला. पाचवा त्याच्या खाली.

त्या झाकणाच्या हवेच्या फटींमध्ये काहीतरी सुकून बसलं होतं. झाडाचा चीक असेल म्हणून नखानं खरवडलं. तो चीक नव्हता.

मी पार्टवाल्याला फोन लावला.

"हे मशीन कोणाचं होतं?"

"झाडं तोडणाऱ्या एकाचं."

"त्यानं का विकलं?"

"त्यानं नाही विकलं. त्याची बहीण आली होती घेऊन." त्याच्याकडे कागद चुरगळल्याचा आवाज आला. "फार काही बोलली नाही. घरात नको, एवढंच म्हणाली."

दादा जेवायच्या आधी आला. मी त्याला सगळं दाखवलं, सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही झाकणं उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"तूच कधीतरी मारले असशील," तो म्हणाला.

"दोन्ही झाकणांवर?"

"अगं, तू झोपेतही स्क्रू पिळतेस. लहानपणापासून बघतोय."

"दादा, आजचा दिवस जाऊ दे. हे मशीन नको घेऊस."

"शाळेमागचं झाड आज पाडायचंच आहे. भिंतीवर कललंय. उद्या पोरं येतील तिथं." त्यानं आमचं झाकण लावलं, चार स्क्रू आवळले आणि दोरी ओढली. मशीन एका झटक्यात सुरू झालं. बंद करून तो हसला. "आणि हिशेबच करायचा तर तुझा पाचवा अजून बाकी आहे. म्हणजे आज काही होत नाही. चारला येतो न्यायला."

तो गेला. त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून मला जरा धीर आला. पाचव्यांदा उघडायचंच नाही, की झालं. मी टेबल पुसलं, कानशी जागेवर लावल्या. पण नजर सारखी त्या मशीनकडे जायची. चारला तो येणार आणि भिंतीवर कललेल्या झाडावर चढणार.

मशीन सुरूच झालं नाही तर तो जाणार कसा?

कॉइल काढली की ठिणगी नाही आणि ठिणगी नाही तर मशीन म्हणजे नुसतं वजन. दुसरं काही मला सुचलंच नाही. चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, कॉइल सोडवून एप्रनच्या खिशात टाकली. हातांना काम माहीत होतं. झाकण उचललं, बंद करायला घेतलं.

टक्.

पंच माझ्या हातात होता.

मी ठिपक्याकडे पाहिलं. चौथ्याच्या खाली, बरोबर तिथंच.

किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. मग झाकण कसंबसं लावलं आणि कॉइल मुठीत घेऊन बाहेर पडले. कालव्याच्या पुलावर गेले आणि ती पाण्यात फेकली. बुडालेली डोळ्यांनी पाहिली. खरं तर मशीनच उचलून न्यायला हवं होतं. तेव्हा ते सुचलं नाही, याचा राग मला माझाच येतो.

परत आले तेव्हा चार वाजून गेले होते आणि टेबल रिकामं.

शेजारच्या गाळ्यातला वेल्डर चष्मा वर करून बाहेर आला. "दादा घेऊन गेले. सुरूच होईना आधी. उघडून बघतात तर आत कॉइल नाही."

"मग?"

"पार्सल आलं होतं ना त्यांच्या नावानं. तुम्ही गेलात आणि लगेच आलं, मीच घेतलं. त्यातच होती कॉइल. मागवली नव्हती म्हणाले, पण बसवली पाच मिनिटांत."

तपकिरी कागद टेबलाखाली पडला होता. मी उचलला.

"भिजलंय जरा," वेल्डर म्हणाला. "आलं तेव्हाच ओलं होतं."

मी दादाला फोन लावत शाळेकडे पळाले. रिंग वाजत राहिली. मशीन चालू असताना त्याला काही ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मैदानाच्या कोपऱ्यावर आले तेव्हा आवाज कानावर पडला. आमचंच मशीन. पूर्ण वेगात, जाड लाकडात.

आवाज चालू होता म्हणजे तो ठीक होता. मी तेवढंच धरून चालत होते.

हातातला फोन वाजला. दादाच असेल असं वाटलं.

"ताई, ते मशीन आता संपत आलंय," पार्टवाला म्हणाला. "पुढचं हँडल तेवढं राहिलंय. दोनदा धुतलं, डाग जात नाहीत. तसंच पाठवू का?"

भिंतीपलीकडे झाडाचा शेंडा हलत होता.

"हॅलो? तुमच्याकडे मागे फार आवाज आहे, काही कळत नाही."

मी धावले. मैदान संपत नव्हतं.

आवाज थांबला. साखळी लाकडातून बाहेर आली की मशीन आधी हलकं होतं, मग मंदावतं, मग थांबतं. तसा नाही. मध्येच.

"हां," तो म्हणाला. "आता नीट ऐकू येतंय."