पाठीवरच्या दोन पट्ट्या

"मॅडम, लगेच या. नाथाजी शुद्धीवर आलाय. पुन्हा शुद्धीवर येईल का, सांगता येत नाही."

विश्रामबागेतल्या रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला आणि इन्स्पेक्टर संयोगिता हातातला चहा तसाच ठेवून उठल्या. साताऱ्याहून त्यांना याच चौकशीसाठी पाठवलं होतं. प्रश्न एवढाच होता. अग्निशमन दलाचा जवान नाथाजी आगीत शिरला, तेव्हा त्याच्या अंगावर संरक्षक कोट होता की नव्हता?

होता, तर उपचाराचा सगळा खर्च सरकार उचलणार. नव्हता, तर तो आपल्याच बेपर्वाईनं भाजला. मग सरकारचा संबंध संपला.

तासगावजवळचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज पेटलं होतं. छोट्या गाडीवरून नाथाजी आणि त्याचा सोबती आप्पासो सगळ्यांच्या आधी पोचले. आप्पासो आत अडकला. नाथाजीनं त्याला ओढून बाहेर काढलं आणि तो स्वतः पाठीमागून पेटला. बाकीचे जवान पोचायच्या आत आप्पासोनं त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून रुग्णालयात आणलं होतं. आप्पासोला खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि जबाब दिला तो त्यानंच: 'नाथाजी बिनकोटाचा शिरला.'

त्या एका वाक्यावर मंजुरी अडली. कातडी बसवायची शस्त्रक्रिया अडली. जखमांत पू झाला.

संयोगिता खाटेवर वाकल्या. "नाथाजी, कोट घातला होता?"

"व्हय... आप्पानंच दिला, निघताना." ओठ बराच वेळ नुसते हलले. "आप्पा बरा हाय न्हवं?"

मग तो पुन्हा गुंगीत गेला.

बाहेर त्याची बायको स्वप्नाली भिंतीला टेकून उभी होती. "ह्ये कोटाबिगर गाडीत चढत न्हाईत, मॅडम. पर मी बायकू. माझं कोण खरं मानंल?"

"आप्पासो खोटं का बोलेल?"

"त्येच कळंना झालंय. आप्पाभावजी रोज डबा आणत्यात. त्येंच्या जिवावर दोन घास खाती मी."

संयोगितांनी डॉक्टरांना गाठलं. "सगळ्यांत खोल कुठं भाजलाय?"

"पाठीवर. दोन आडव्या पट्ट्या आहेत, फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ. तिथं काहीतरी वितळून कातडीत रुतलं होतं."

"ते कुठंय?"

उत्तर परिचारिकेनं दिलं. "काळा गोळा झाला होता, मॅडम. कपडा कुठला न् काय, कळत नव्हतं. कापून काढला. त्यांच्या सोबत्यानं पिशवीत भरून नेला."

दुपारी संयोगिता अग्निशमन केंद्रात पोचल्या. खुंट्यांवर कोट ओळीनं टांगलेले होते. प्रत्येकाच्या छातीवर आणि पाठीवर दोन-दोन चंदेरी पट्ट्या. भांडारघराची किल्ली आप्पासोच्या कमरेला होती. सगळे जवान भोवती गोळा झाले.

"नाथाजीचा कोट कुठला?"

"ह्यो. खुट्टीवरच ऱ्हायला त्या दिवशी. गडी लय उतावळा."

"आणि तुझा?"

आप्पासोनं टोकाचा कोट दाखवला. काजळीनं माखलेला होता, पण शिवण कुठं उसवलेली नव्हती.

"त्याच खोलीत होतास तू?"

"व्हय. त्याच्या आधीपास्नं."

"रुग्णालयातनं काय भरून नेलंस पिशवीत?"

"जळका शर्ट व्हता. टाकला उकिरड्यावर."

संयोगितांनी लायटर मागून घेतला आणि नाथाजीच्या म्हणून दाखवलेल्या कोटाच्या कडेला लावला. कापड क्षणात आकसलं, पेटलं, त्याचे थेंब फरशीवर पडले. मग आप्पासोचा कोट. कड फक्त काळवंडली.

जवान आपापल्या कोटांकडं वळून पाहू लागले.

"शर्टाला चंदेरी पट्ट्या नसतात, आप्पासो," संयोगिता म्हणाल्या. "नाथाजीच्या पाठीवर त्या उमटल्यात. म्हणजे कोट अंगावर होता, आणि तो वितळला. तू त्याच आगीत जास्त वेळ होतास, तरी धड आलास. म्हणजे दोन कोट दोन जातीचे. वरनं सगळे सारखेच दिसतात. कुठला खरा, हे वाटणाऱ्यालाच ठाऊक. वाटणारा तू. खरे कोट विकलेस, नकली टांगलेस, आणि खरा एक ठेवलास तो स्वतःला."

"मॅडम, मला काय ठावं..."

"ठाऊक नव्हतं, तर वितळलेला गोळा पळवलास कशाला? खुंटीवर दुसरा कोट अडकवलास कशाला? खर्च मंजूर करायच्या आधी सरकारनं कोट तपासला असता. तेवढं टाळायला तू त्याची मंजुरीच मारलीस. तो सडत होता आणि तू डबे पोचवत होतास."

आप्पासोनं भोवतालच्या तोंडांकडं पाहिलं. कुणीच नजर हटवेना. तो खाली बसला.

"साताऱ्याच्या ठेकेदाराला दिलं," तो म्हणाला. "आवं, आमच्या हद्दीत मोठी आग लागती कवा? वरसं गेली, कोट नुसतं खुट्टीला. कुणाला कळणार व्हतं?"

"आणि नाथाजी तुला काढायला आत आला, तेव्हा?"

"मी वरडलो व्हतो, यिऊ नगंस म्हून." तो म्हणाला. "ऐकलं न्हाई त्यानं. म्हणला, कोट हाय की अंगावर."

आप्पासोला गाडीत बसवलं. संयोगितांनी तिथूनच अहवाल कळवला. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, पूर्ण खर्चाची. नाथाजी त्या सकाळीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, गेल्या आठवड्यात कातडी बसवता आली असती, तर कदाचित वाचला असता.

स्वप्नालीनं सगळं ऐकून घेतलं. मग आप्पासोनं आणून जिन्यात ठेवलेला डबा उचलला, रस्त्यापलीकडच्या गटारीत उपडा केला आणि रिकामा डबा पायानं ठेचत राहिली. त्याचं झाकण पार चपटं झालं, तरी ती थांबेना. संयोगितांनी तिला धरलं नाही.

केंद्रातले सगळे कोट पुरावा म्हणून सीलबंद करून साताऱ्याला गेले. नवे मागवले होते, ते यायचे होते. त्याच आठवड्यात भोंगा वाजला. साखर कारखान्याच्या बगॅसला, उसाच्या चिपाडांच्या ढिगाला, आग लागली होती.

जवान गाडीत चढले, नुसत्या शर्टांवर.