चिंची बसत नाही

भागीरथानं लसूणघासाचा भारा डोक्यावरून उतरवून तबेल्याच्या दाराशी ठेवला आणि पदरानं मान पुसली. वैशाखाची सकाळ, पण ऊन आताच भाजायला लागलं होतं. पोरीची तेरवी झाल्यावर किसनराव म्हणाले होते की आता तिकडं घास द्यायचा नाही, मी अकोल्यात जुन्या शहरात नेऊन विकीन. नवऱ्याचं तिनं सहसा मोडलं नव्हतं. हे मात्र ऐकलं नाही.

पातूरच्या रस्त्याला, शेतांच्या मधोमध ते केंद्र होतं. शर्यतीचे घोडे उन्हात किती दमतात, पळताना त्यांचं काळीज कसं चालतं, पळून आल्यावर रक्तात काय फरक पडतो, हे तिथले डॉक्टर तपासत. केंद्र सुरू झालं तेव्हा गाव हसलं होतं. पुण्यामुंबईची जनावरं अकोल्याले ऊन दाखवाले आणून राहिले म्हणे, आमाले इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

भागीरथाच्या मळ्यातला घास तिथं जायला लागला आणि भाऱ्यामागून तिची दामिनी. अंगानं काडी, पण भीती कशाची ती ठाऊक नसलेली पोर. आधी शेण काढायची, मग घोड्यांना खरारा करायची, आणि बघता बघता घोडीवर बसायला लागली. वजनानं हलकी म्हणून घोड्यांना शिकवणाऱ्यांनाही ती हवीच होती. ज्या घोडीवर ती बसे तिचं कागदावर लांबलचक इंग्रजी नाव होतं. दामिनीनं तिला चिंची म्हणायला सुरुवात केली, कारण तिचा रंग फोडलेल्या चिंचेसारखा होता. मळ्यातलं मोगऱ्याचं एक फूल कानामागं खोचून, वरून हेल्मेट घालून ती रोज निघायची. उतरायची तेव्हा ते फूल घामानं पार चेंबलेलं असायचं.

चैत्रातल्या त्या दिवशी चिंचीच्या छातीला पट्टा बांधला होता. घोडीच्या काळजाचा ठोका न् ठोका लांब कडुलिंबाखाली ठेवलेल्या पडद्यावर दिसत होता. घोडीचं सगळं ठीक होतं. तिच्यावर बसलेल्या पोरीच्या छातीला पट्टा नव्हता. त्या उन्हात पोर कधी गेली, कुणाला कळलं नाही. चिंचीला कळलं असावं. भरधाव आलेली घोडी आपली आपणच हळू झाली, मग चालायला लागली, आणि मानेवर पालथ्या पडलेल्या दामिनीला भरलेला हंडा आणावा तशी, जरा न हिंदकळू देता, तबेल्याच्या दारापर्यंत घेऊन आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भागीरथा एवढंच सांगायची.

"माही पोर पडली नाई."

आज डॉक्टर प्रणाली स्वतःहून बाहेर आली. ही अमरावतीच्या राजापेठेतली मुलगी, दामिनीहून थोडीच मोठी. त्या दिवसापासून ती भागीरथाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. आज तिनं भागीरथाचा हात धरला आणि तिला आतल्या बाजूला नेलं.

चिंची उभी होती. पण काय दशा. बरगड्या दिसत होत्या आणि पुढचे दोन्ही गुडघे सोलपटले होते.

"मावशी, ही बसूनच नाही राहिली."

मग तिनं समजावून सांगितलं. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण खऱ्या झोपेसाठी त्याला अंग टाकावंच लागतं. खोलीत कॅमेरा आहे. त्या दिवसापासून चिंची एकदाही बसली नाही, मातीत लोळली नाही. उभ्या उभ्या डोळा लागतो, गुडघे मोडतात, तोंडघशी जाते आणि धडपडून पुन्हा उभी राहते. रक्त तपासलं, फुफ्फुसं तपासली, पाय तपासले. कुठं काही नाही. असंच चाललं तर एखाद दिवशी पाय मोडून घेईल, मग सुई देऊन मोकळी करण्याशिवाय इलाज नाही. ती तुमच्या हातचं खाते, जरा जवळ थांबून पाहता का, एवढंच तिचं म्हणणं होतं.

भागीरथा आत शिरणार तोच प्रणालीनं पुन्हा तिचा हात धरला. आवाज अगदी खाली गेला होता.

"परवा हिला पळत्या पट्ट्यावर घेतलं होतं, जागच्या जागी पळवायला. रिकामी, मावशी. खोगीरसुद्धा नव्हतं. पण दमली ती कुणीतरी बसल्यासारखी. आणि उतरली तेव्हा अंगावरचा घाम वाळत होता... पाठीवर मात्र..." तिनं हवेत हातानं खोगिराचा आकार काढला. "तेवढंच ओलं. मी पुसलं. परत ओलं झालं."

भागीरथा आत गेली आणि दार ओढून घेतलं.

छताचा पंखा घरघरत होता. शेजारच्या खोल्यांतले घोडे घास चावायचे थांबले होते. घोड्याच्या घामाचा वास, ओल्या घासाचा वास, आणि त्याखाली आणखी एक. चेंबलेल्या मोगऱ्याचा. रोज सकाळी आपण घासाच्या निमित्तानं कशासाठी येतो, ते तिला तेव्हा उमगलं.

चिंचीचे कान मागं वळलेले होते, पाठीवरचं कुणी काही बोलेल म्हणून ऐकत असावेत तसे. मधूनच ती एखादा पाय बारीकसा सरकवी, वरचा तोल सांभाळल्यासारखा. ती अजून दामिनीला आणतच होती. त्या दिवशी चौघांनी मिळून जे उतरवलं, ते नुसतं अंग होतं.

भागीरथा तशीच उभी राहिली. तिथं आहे तोवर कुठंतरी आहे. रोज भारा आणावा, शेजारी उभं राहावं, वास घ्यावा. उतर म्हटलं तर ती जाईल कुठं? तिला कोण घेईल?

तेवढ्यात चिंचीचे डोळे मिटले. गुडघे मोडले. जमिनीला टेकता टेकता तिनं हिसक्यानं स्वतःला वर उचललं आणि पुन्हा उभी राहिली, थरथरत.

"दामे..." भागीरथा म्हणाली. "उतर माय. थकली ती."

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता.

"मी आहो ना... ये."

तिनं घोडीच्या डाव्या अंगाला पाठ केली, कमरेत वाकली आणि दोन्ही हात मागं नेले. दामिनी लहानपणी मळ्यात खेळता खेळता झोपायची, तेव्हा अशीच पाठकुळी घेऊन ती तिला बांधावरून घरी आणायची.

मानेला ऊन श्वास लागला. मोगऱ्याचा वास एकदम जवळ आला.

मागं चिंचीनं लांब सुस्कारा सोडला. कानापासून शेपटीपर्यंत कातडी थरकवली, पुढचे पाय दुमडले आणि भुशात अंग टाकलं. एकदा लोळली, दुसऱ्यांदा लोळली, आणि मान लांब करून झोपली. कॅमेऱ्यात पाहणारी प्रणाली रडत धावत आली. भागीरथा थांबली नाही. हात मागंच धरून, वाकून, ती तिच्या बाजूनं निघून गेली.

घोडी सुधारली. किसनरावांना हे गावातून कळलं. घरात मात्र भागीरथा तेव्हापासून आडवी झाली नव्हती. भिंतीलाही टेकत नव्हती. खाटेच्या कडेवर वाकून बसायची, नाहीतर अंगणात हळूहळू येरझाऱ्या घालायची. पाठ दुखते का विचारलं तर नाही म्हणायची. जेवण सुटलं होतं, तरी तोंडावर कधी नव्हे ते समाधान होतं.

एका संध्याकाळी किसनराव मोगऱ्याला पाणी देत होते. भागीरथा वाफ्यातून चालत पलीकडं गेली. त्यांनी सहज खाली पाहिलं. ओल्या काळ्या मातीत त्यांची स्वतःची पावलं वरवर उमटली होती. तिची घोट्यापर्यंत रुतली होती. आता तर तिच्या अंगात हाडांशिवाय काही उरलं नव्हतं.

"काहून वं," ते म्हणाले, "जराशी आडवी होत जाय ना."

तिनं मागं धरलेला एक हात सोडवून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला... आत्ताच डोळा लागला तिचा."

आणि बोलता बोलता तिचे स्वतःचे डोळे मिटले, गुडघे मोडले, आणि पडता पडता तिनं हिसक्यानं स्वतःला सावरलं. पाठ मात्र जराही हलू दिली नाही.