अव्वाच्या शेजारची जागा

"ही साडी बघ अक्का, इरकल हाय. खास तुज्यासाठी आणली," असं म्हणत महांतेशनं पिशवीतली हिरवी साडी सोप्यातल्या पलंगावर ठेवली, आणि तांदूळ निवडणाऱ्या हिराबाईचा हात सुपातच थांबला... सण नाही, वार नाही, घरात कुणाचं लग्न नाही. मग ही साडी कशाची?

"सोमवारी हातकणंगल्याला जायचं हाय," तो चपला काढता काढता म्हणाला. "हक्कसोडपत्र करायचंय. तू फकस्त सायबाम्होरं व्हय म्हणायचं आन् सही करायची. येताना मिसळ खाऊ. झालं काम."

"कुठल्या रानाची सही?"

"सगळ्याच. रोडकडच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय, मंगल कार्यालय बांधनार हायत. पन सातबाऱ्यावर माज्याखाली तुजं नाव हाय न्हवं? ते निघाल्याबिगर काय हलत न्हाय."

रोडकडचा तुकडा! हिराबाईच्या काळजात कळ उठली. त्या तुकड्याच्या कोपऱ्यात, बेलाच्या झाडाखाली, तिची अव्वा, तिची आई, होती. लिंगायत घराच्या रिवाजाप्रमाणे अव्वाला स्वतःच्या रानातच माती दिली होती, बसती, हातावर इष्टलिंग ठेवून... आणि मागाहून अप्पांना, म्हणजे वडील चन्नाप्पांना, तिच्या डाव्या अंगाला. उजव्या अंगाची जागा मोकळी होती. दर सोमवारी हिराबाई समाधीला पाणी घालायला जायची आणि ती मोकळी जागाही झाडून यायची. का झाडते ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"तितं अव्वा हाय तम्मा." धाकट्या भावाला ती अजून तम्माच म्हणायची.

"मग? मठातल्या अय्यास्नी बोलवू, पूजा करू, मूठभर माती वरच्या रानात न्हिऊ."

"आन् मी?"

"तू काय?" महांतेश हसला. "तू हितंच की! तुला कोन घालवतंय?"

त्याला प्रश्न कळलाच नव्हता...

मुरगूडकडं दिलेली हिराबाई लग्नानंतर थोड्याच दिवसांत पत्र्याची ट्रंक घेऊन माघारी आली होती. नवऱ्यानं दुसरी बाई आणली आणि हिला उंबऱ्याबाहेर काढलं. त्याच उन्हाळ्यात अव्वा गेली. महांतेश तेव्हा एवढासा, अक्काचा पदर मुठीत धरून झोपणारा. पुढं एका भल्या माणसाचं स्थळ आलं, दुसऱ्या लग्नाची बोलणी झाली, पाव्हणे येऊन सोप्यात बसले, आणि आत महांतेशनं तिच्या पायांना मिठी मारून असा आकांत मांडला, की हिराबाईनं चहाचे कप चुलीपाशी तसेच ठेवले आणि बाहेर येऊन स्वतःच्या तोंडानं "न्हाय" म्हणून सांगितलं. आयुष्यात मोठ्यानं म्हटलेलं तिचं ते पहिलं "न्हाय"... आणि तेही दुसऱ्यासाठी!

त्याचं तिला कधी दुःख वाटलं नाही. सलत होतं ते निराळंच. भावकीतली बनाबाई हिच्यासारखीच टाकलेली. ती गेली तेव्हा माहेर म्हणालं, दिलेली लेक आहे, सासरच्या रानात न्या. सासर म्हणालं, आमचा तिचा संबंध नाही. ऊन कललं तरी ती बापडी कट्ट्यावर भिंतीला टेकून बसवलेली... कपाळावर विभूती, गळ्यात हार, आणि जायला जागा नाही! अखेर ओढ्याकडच्या गायरानात खड्डा काढला. आज तिथं शेळ्या चरतात.

त्या दिवशी गर्दीत उभ्या हिराबाईच्या कडेवर महांतेश होता.

रविवारी सकाळी सौंदर्या कोल्हापुराहून आली. महांतेशची ही एकुलती लेक वकिली शिकत होती, आणि तिच्या कॉलेजातली पोरं आपल्या मॅडमबरोबर गावोगाव जाऊन लोकांना कायदा समजावून सांगायची, अडल्यानडल्याला फुकट सल्ला द्यायची. आज पाळी ह्याच गावाची होती. महांतेशची छाती अभिमानानं फुगली होती. मठाच्या सभागृहात सतरंज्या त्याच्या, कर्णा त्याचा, चहा त्याचा. आणि पुढच्या खुर्चीत तोच.

पोरांनी आधी नाटुकलं केलं. वर्गातला सूरज डोक्यावर पदर घेऊन बहीण झाला, तशी बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. मग सौंदर्या आली, कोळशाची मिशी काढून, पांढरी टोपी घालून. मिशीला पीळ देत ती खर्जात म्हणाली,

"ही साडी बघ अक्का, इरकल हाय. खास तुज्यासाठी आणली!"

सभागृह हशानं दणाणलं. मागं खांबाला टेकलेल्या हिराबाईच्या अंगावर मात्र काटा आला. घरातल्या साडीचं सौंदर्याला काही ठाऊक नव्हतं. सल्ल्याला येणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं जोडून पोरांनी ते नाटुकलं रचलं होतं... म्हणजे सगळेच भाऊ हेच म्हणत होते! सगळ्या अक्का हेच ऐकत होत्या!

पुढच्या खुर्चीतलं हसू विरून गेलं.

दीक्षा मॅडम पुढं झाल्या. वयानं तरण्या, पण आवाज खणखणीत. "वडिलांच्या जमिनीत लेकीचा लेकाएवढाच हिस्सा आहे. तिला सोडायचा असेल तर तिनं आपल्या राजीखुशीनं सोडावा. धाकानं नाही, साडीच्या मोहानं नाही. आता ही अक्का काय म्हणेल? तुम्हीच सांगा."

म्हातारी तानाबाई म्हणाली, "काय म्हननार बाई? व्हय म्हनायचं. न्हायतर दिवाळीला म्हायेरचं दार कोन उघडंल?"

बायका हसल्या, पण ते हसणं ओलं होतं.

आणि हिराबाई उठली. कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. कुठल्याशा खोल विहिरीतून यावा तसा तिचा आवाज वर आला.

"न्हाय म्हनायचं!"

माना वळल्या.

"मी न्हाय म्हनतो. उद्याच्याला मला हातकणंगल्याला न्हेनार हायत, मी सही करनार न्हाय. बापाच्या रानात माजा हिस्सा हाय, तो मला पायजे. रोडकडच्या तुकड्यातच पायजे!"

सौंदर्यानं नुकतीच उतरवलेली टोपी तिच्या हातातून गळून पडली. महांतेश ताडकन उठला आणि सतरंजी तुडवत निघून गेला.

घरी त्याचा संताप आढ्याला भिडला. "समद्या गावाम्होरं माजं नाक कापलंस! माज्याच कर्ण्यावर!" मग लेकीकडं वळून, "आन् तू! ह्यापायी शिकवली तुला? बंद कॉलेज. उद्यापास्नं घरात बसायचं!"

"ह्या घरचं मीठ खाल्लं, त्याची तर याद ठेवायची," त्याची बायको महादेवी म्हणाली.

"मीठ खाल्लं न्हाय महादेवी," हिराबाई शांतपणे म्हणाली, "मीठ मी घातलं. तू यायच्या आदीपास्नं ह्या घरातल्या आमटीला मीच मीठ घालतोय."

तिनं माळ्यावरची ट्रंक काढली. तीच, मुरगूडहून आलेली! हिरवी साडी पलंगावर घडीतच राहिली.

"आत्ती, चुकलं माझं गं..." सौंदर्या हुंदके देत मागं धावली. कोळशाची मिशी आसवांनी गालावर पसरली होती.

"तुजं काय चुकलं? तू नुसती मिशी लावलीस. बोलला तुजा बाप!" हिराबाईनं पदरानं तिचा गाल पुसला. "पन कॉलेज सोडायचं न्हाय. बाप तुजा हाय, पन पाय तुजं हायत."

त्या दिवसापासून ती रोडकडच्या रानात, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहू लागली. तीन दगडांवर भाकरी, आणि समोर बेलाखाली अव्वा-अप्पा. तानाबाई कालवण घेऊन यायची, म्हणायची, "येडी हायस!" आणि जाताना हळूच म्हणायची, "बरं केलंस."

सौंदर्या बापाला न विचारता कोल्हापूरला परत गेली, आणि बुधवारी दीक्षा मॅडमना घेऊन रानात आली. त्यांनी तलाठ्याकडं द्यायचा हरकतीचा अर्ज लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला, मग विचारलं, "आजी, वाटपाचा दावा लावायचा का? आमचे वकील फी न घेता लढतील. पण विचार करा, भावाविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागेल."

हिराबाई समाधीकडं बघत राहिली. ज्या पोराला न्हाऊ घातलं, त्याच्यासमोर पिंजऱ्यात उभं राहायचं! डोळे भरून आले. ते पदरानं टिपून ती म्हणाली,

"आदी त्येला एक विचारायचंय. त्येनं जबाब दिला न्हाय, तर लावा दावा. मी मागं सरनार न्हाय."

हरकतीचा अर्ज तलाठ्याकडं पोचला, आणि दुसऱ्याच दिवशी महांतेश गिऱ्हाइकाला आणि मोजणीची टेप घेतलेल्या माणसांना घेऊन आला. रात्री आत्तीपाशीच राहिलेली सौंदर्या बांधावरून पळत आली, तोवर हिराबाई अव्वाच्या उजव्या अंगाला, त्या झाडलेल्या जागेत, मांडी घालून बसलीही होती... पाठ ताठ, हात मांडीवर.

"ऊठ अक्का. मानसं आल्यात. तमाशा नको."

"बसू दे की. माज्या जागंत बसलोय."

"हरकत घेतलीस, गावात बोभाटा केलास, आजून काय पायजे तुला? खायला कमी केलं? ल्यायला कमी केलं?"

"न्हाय तम्मा. काय कमी न्हाय केलंस." तिचा आवाज चढला नाही, पण टेपवालेही थबकले. "एकच सांग. हे रान गेल्यावर, मी मेलो की मला कुटं न्हेनार?"

"म्हंजी? ही काय इचारायची..." म्हणता म्हणता महांतेशची नजर तिच्या मांडी घालून ताठ बसण्यावर गेली.

वरचं रान? तिथं भावकीचा सामायिक बांध. दिलेल्या लेकीला तिथं ठेवू देणार होतं कोण? मुरगूड? तिथं तर हिचं नावही कुणी घेत नव्हतं... त्याच्या डोळ्यांसमोर एक कट्टा आला. भिंतीला टेकलेली एक बाई. विभूती, हार, माश्या. आणि कुणाच्यातरी उबदार कडेवर बसून आपणच विचारलेलं, "अक्का, हिला घरात का घेत न्हाईत?" अक्का रडत होती. तिचे डोळे पुसत आपण बोबडं काहीतरी म्हणालो होतो... "तू रडू नको. तुला मी घेईन."

त्यानं ते जन्मभर विसरून टाकलं होतं. ती विसरली नव्हती. आणि तरी इतक्या वर्षांत तिनं त्याला एकदाही त्याची आठवण दिली नव्हती!

"बनाबाई..." तो पुटपुटला. "तू रोज ह्यो इचार घिऊन आमास्नी वाढत हुतीस व्हय अक्का?"

हिराबाईनं अव्वाच्या समाधीवर हात ठेवला.

महांतेश मटकन खाली बसला. मोठा बागायतदार, गावचा मानकरी, अव्वाच्या समाधीला डोकं टेकून लहान पोरासारखा हमसून रडला. मग उठून त्यानं गिऱ्हाइकापुढं हात जोडले. "पावणं, माफ करा. हे रान इकायचं न्हाय."

"अवो, आमी शब्द धरून बसलोय की!"

"माजा एक शब्द त्येच्या आदीचा हाय."

माणसं कुरकुरत निघून गेली. महांतेशनं खोलीतून तिची ट्रंक उचलून आणली. "घरला चल अक्का. चुकलं माजं."

"येतो की. पन ऐक." तिनं त्याच्या गालावरची माती पुसली, पण नजर ढळू दिली नाही. "सही करायची न्हाय. सातबाऱ्यावर नाव ऱ्हानार. आन् ह्या तुकड्यात माजा हिस्सा मोजून, हद्दीचा दगड रोवायचा. तुज्या हातानं."

"आजून बी?"

"आजून बी. आज तू रडलास, सोन्या. उद्या तुजा जावई रडंल का?"

बांधावरची सौंदर्या रडता रडता हसली. महांतेशनं तिच्याकडं पाहिलं. "हसतीस काय? उद्या सकाळची एसटी चुकवू नको. कॉलेज हाय न्हवं तुजं?" आणि थोडं थांबून, "त्या नाटकात टोपी वाकडी घातलीवतीस. पुढच्या गावाला माजी घिऊन जा."

दगड रोवला गेला. महादेवी चार दिवस फुगली, मग आमटी अळणी झाल्याचं निमित्त काढून स्वतःच वन्संना हाक मारून गेली.

पुढच्या सोमवारी महांतेश रानात आला, तर हिराबाई खुरपं घेऊन त्या मोकळ्या जागेत वाकलेली. झाडून गुळगुळीत झालेली ती माती तिनं उकरून भुसभुशीत केली होती आणि एकेक रोप लावत होती.

"आगं अक्का, हे काय? समाधीच्या जागंत मिरच्या?"

"मग? मरायची घाई हाय व्हय मला?" हिराबाईनं कंबरेवर हात ठेवून मान वर केली. "माजी जागा हाय. मी काय बी लावीन."